एक बोट कमी

शनिवारी डायलिसिसच्या चार नंबरच्या खोलीत
मॅच दुपारी साडेतीनला लागते,
भांडण सकाळीच लागलेलं असतं.

ओहायोतलं नदीकाठचं गाव. काचेचा कारखाना केव्हाच बंद,
कॉलेज तेवढं तग धरून, आणि त्याचं मैदान,
ज्याचे दिवे चर्चच्या कळसाहून उंच.

मी वजनं घेते, सुया टोचते,
विचारते, गुरुवारपासून पाणी किती प्यायलात?
ऑगी म्हणतो, पाण्याचं सोड गं रेव्ह,
तू तिसरी, तूच निवाडा कर.
आजवरचा सगळ्यात मोठा खेळ कुठला?

त्याचा ठरलेला: एकाहत्तरची शेवटची सहा सेकंदं.
चिखलात एका पायातला बूट रुतून राहिला
आणि पोरगा मोजा घालून अडुसष्ट यार्ड पळाला.
तो बूट माझ्या गॅरेजमध्ये आहे, ऑगी सांगतो.
(गावात असे निदान चार बूट आहेत.
त्यातले दोन उजव्या पायाचे.)

विली मे टिब्स, कॉलेजच्या खाणावळीत एकतीस वर्षं,
डोळे मिटूनच हसते.
पळाला, पण कुणामुळे पळाला?
त्रेसष्ट नंबरनं दोघांना आडवं केलं म्हणून.
तुम्ही सगळे चेंडूमागे बघत होता,
मी माझ्या भाच्याकडे.
सोमवारी त्यानं माझ्याकडे तीन वेळा वाढून घेतलं
आणि पेपरात त्याचं नाव नव्हतं.

मला यातलं अर्धंच कळतं.
चार डाव, दहा यार्ड, एवढं एमेटनं शिकवलं.
एमेट होस्टेटलर, खिडकीजवळची खुर्ची, मत कधीच देत नाही.
सव्वीस वर्षं मैदानाच्या कडेला साखळी धरून उभा असायचा,
दहा यार्ड झाले की नाही ते मोजायला.
मी त्याला आमच्या विटीदांडूचं सांगितलं होतं,
वकट, लेंड, मूंड करत दांडूनं जमीन मोजायची,
आणि दादाचा दांडू बोटभर आखूड होता
हे त्यानं आपल्या लग्नाच्या पंगतीत कबूल केलं.
एमेट तेव्हा हसला नव्हता.

आज मशीनचे दोन तास उरले असताना म्हणाला,
अठ्ठ्याहत्तर.

खोली गप्प झाली. अठ्ठ्याहत्तरबद्दल इथे कुणी बोलत नाही.
चौथा डाव, एक यार्ड हवा होता,
लॉनी क्रेबिल ढिगाऱ्यात घुसला,
साखळी आणली, ताणली,
चेंडू एक बोट कमी.
चषक नदीपलीकडे गेला तो गेलाच.

बोटं गारठली होती, एमेट म्हणाला.
धावताना साखळीवरची क्लिप निसटली.
मी ती परत लावली.
अंदाजानं.

मशीन तेवढं फिरत राहिलं,
लाल नळी, लाल नळी.

किती अंदाजानं? ऑगीनं विचारलं.
बोटभर असेल. दोन असतील.
कमी की जास्त?
तेच तर, एमेट म्हणाला,
तेच मला सेहेचाळीस वर्षं माहीत नाही.

विली मे म्हणाली, मग माझं मत याला. हाच.
टीव्हीवर कुणीतरी उडी मारून चेंडू झेलला,
लाखभर माणसं उभी राहिली,
आमच्या खोलीत मानही वर झाली नाही.

सुया काढल्या. कापूस दाबून धरला.
एमेट काट्यावर चढला आणि आकडा थांबेपर्यंत
खाली बघत राहिला.
एक्याऐंशी पूर्णांक चार.
नक्की? नक्की, म्हटलं, आणि त्याच्या देखत लिहिलं.

ऑगीला कोट घालायला वेळ लागतो, एक हात बधिर असतो.
लॉनीच्या हार्डवेअरच्या दुकानातून
त्यानं आजवर एक खिळा घेतलेला नाही,
खिळ्यांसाठी अकरा मैल गाडी हाकतो.
दारात थांबून, कुणाकडेच न बघता, विचारलं,
शनिवारचं ते दुकान
कितीपर्यंत उघडं असतं?